माल खपेपर्यंत

आप्पा,

मागच्या महिन्यात युसूफ वडगाव या गावाहून एका माणसाचा फोन आला. ओळख नव्हती. पेपरात काम करणाऱ्या बाईच्या ओळखी असतात म्हणून कुणीतरी त्याला माझा नंबर दिला होता. त्याची मुलगी अकरावीला आहे. लातूरला क्लासला ठेवली होती, आता घरी आणली आहे. जेवत नाही, बोलत नाही, दार लावून बसते, मध्येच छाती धरून श्वास मिळत नाही म्हणते. "ताई, पुण्यात न्हाईतर सोलापुरात डोक्याचा एखादा चांगला डॉक्टर सांगा," तो म्हणाला. मी म्हटलं, अंबाजोगाई तुम्हाला जवळ आहे, मोठा दवाखाना आहे, आधी तिथं दाखवा. तर घाईघाईनं म्हणाला, "न्हाई न्हाई, तिथं न्हाई. तिथं लई वळखीचे भेटतात. पोरीची जात हाय, ताई. गावात आमी सांगितलंय, मामाकडं गेलीया म्हणून." मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज त्याचा होता, पण वाक्यं तुमची होती.

तुम्हाला माहीत आहे, मी चटकन चिडणारी नाही. डेस्कवर इतकी वर्षं मी दुसऱ्यांचा संताप कापून बातमी जागेत बसवायचं काम केलं. वार्ताहर रागानं लिहितो, मी विशेषणं काढते, दोन्ही बाजू बघते, पान वेळेत छपाईला सोडते. दर वर्षी परीक्षांच्या आधी आमच्या पुरवणीत ताणावर एक पान असतं. पहाटे उठा, बदाम खा, मोबाइल लांब ठेवा, आईवडिलांशी मनमोकळं बोला. ते पान मीच लावते. शेवटच्या वाक्याशी आले की मला हैदराबादचा तो दवाखाना आठवतो आणि वाटतं, हे खोडावं. पण पान सोडायची वेळ झालेली असते. आज तशी घाई नाही, आणि आज मी दुसरी बाजूही बघणार नाही. ती बाजू तुम्हाला आयुष्यभर मांडायला मिळाली, घरात, दुकानात, डॉक्टरसमोरसुद्धा.

आपला धाकटा दहावीला शाळेत पहिला आला तेव्हा तुम्ही पेढे वाटले नाहीत. दिवसभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला रुमालाएवढं कापड फुकट फाडून दिलंत. लोकांनी चिक्कार थट्टा केली. "शेट, पोरगं बारावीला पास झालं की धोतर द्या." तुम्ही हसून म्हणालात, "इंजिनेर होऊ द्या, सगळ्या गल्लीला धोतर देतो." त्या वर्षांत आपल्या घाटनांदुरात रोज काहीतरी नवं येत होतं. स्टँडजवळ एसटीडीचं पिवळं खोकं आलं. केबल आली आणि संध्याकाळी गल्ल्या ओस पडायला लागल्या. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा किराणा दुकानांत लटकल्या. लातूरच्या क्लासच्या जाहिराती स्टेशनच्या भिंतीपर्यंत आल्या, वर ओळीनं पोरांचे फोटो. जगात पोचायचं तर आता मार्क पाहिजेत, हे प्रत्येक बापाला त्या दोन-तीन वर्षांत कळलं. पोरांना कुठं पोचायचं ते सगळे सांगत होते. वाटेत एखाद्याला घेरी आली तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. सगळं जग गावात आलं आप्पा, फक्त तेवढं आलं नाही.

बारावीच्या दिवाळीला तो लातूरच्या क्लासहून घरी आला तो परत गेलाच नाही. अभ्यास इथंच करतो म्हणाला आणि दुकानाच्या माळ्यावर जाऊन बसायला लागला. मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजला जात होते, सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं यायचं. एक दिवस परत आले तर तो माळ्यावर सुती कापडाचा तागा उलगडून बसलेला. घडी घालतो, हात फिरवतो, पुन्हा उलगडतो, पुन्हा घडी घालतो. बोटांची सालं निघाली होती. मी विचारलं, काय करायलास रे. मान वर न करता म्हणाला, "घडी बरोबर बसंना." मी म्हटलं, बसलीय की चांगली. तर म्हणाला, "तुला दिसतीय. माझ्या डोक्यात बसली न्हाई." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लातूरच्या खोलीतही असंच चालायचं. पुस्तकातली ओळ वाचताना वाईट विचार आला की ती ओळ बाद, पुन्हा पहिल्यापासून. रात्र-रात्र एका पानावर. घडी बरोबर बसली नाही तर आईला काहीतरी होईल, असं त्याला वाटायचं. "खोटं हाय हे कळतंय मला," तो म्हणाला. "तरी डोकं बंद व्हायलं न्हाई, अक्का." सतरा वर्षांचा होता. मी काही मोठी नव्हते, तरी हा आळस नाही आणि ढोंग नाही एवढं मला दिसलं.

तुम्हाला दुसरंच दिसलं. कापडवाल्याच्या नजरेतून बघितलं तर त्या घड्या खरंच अप्रतिम होत्या. रेघेला रेघ, काठाला काठ. गिऱ्हाइकानं उलगडून टाकलेला ढीग तो न सांगता आवरायचा आणि पुन्हा आवरायचा, आणि तुम्ही गादीवरून कौतुकानं बघत राहायचात. शेजारच्या भांडेवाल्याला सांगायचात, "पोरगं रमलं बघा दुकानात. आमच्या बापाच्या हाताला अशी घडी नव्हती." भांडेवाला म्हणायचा, "शेट, असलं पोरगं आमाला द्या, आमची भांडी तरी चमकतील." तुम्ही दोघं हसायचात आणि तो खाली मान घालून हात चालवत राहायचा. आपल्या धंद्यात नीटनेटकेपणा हा एवढा मोठा गुण की पोरगं आजारी पडलं तर ते हुशार झालं असं आपल्याला वाटलं. ही चूक मी तुम्हाला माफ करते. त्या काळी, त्या दुकानात, दुसरं कुणीही हेच केलं असतं. माझा राग तुम्हाला कळल्यानंतरच्या गोष्टींवर आहे.

कळलं ते त्याच्या हातांतून रक्त आलं तेव्हा. पांढऱ्या मांजरपाटावर डाग पडले. आई रडायला लागली, आणि तुम्ही दुकान अर्धं बंद करून त्याला आत घेतलंत. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. सकाळी म्हणालात, हैदराबादला जाऊ. मला बरं वाटलं, अगदी अभिमान वाटला. दुसऱ्या बापांनी अंगारा लावला असता, कुणाच्या तरी पायावर घातलं असतं. आमचे आप्पा डॉक्टरकडं नेत आहेत. मग तुम्ही पुढचं बोललात. माल भरायला जातो असंच सगळ्यांना सांगायचं. हैदराबादला तुम्ही वर्षा-दोन वर्षांनी खरेदीला जायचातच, त्यात कुणाला काही वाटलं नसतं. मलाही सोबत घेतलंत, पोरीच्या पसंतीचे ड्रेस पीस आणतो म्हणून.

तो दवाखाना जुन्या भागात होता, वर लाकडी जिना. डॉक्टर म्हातारे, आवाज मऊ. धाकट्याकडं बघून म्हणाले, "क्या होरा बेटा, बोलो." धाकट्यानं तोंड उघडलं आणि तुम्ही बोलायला लागलात. नींद नहीं आती, पढ़ाई का टेन्शन है, बाकी कुछ नहीं, खानदानी लड़का है. किती सफाईनं बोललात. साडीचा तागा उलगडताना बोलायचात तसंच, डाग असलेली बाजू आपल्याकडं ठेवून. धाकटा तुमची बाही ओढून हळूच म्हणाला, "आप्पा, ते सांगा." तुम्ही विचारलंत, कोणतं. "आईचं. घडीचं." तुम्ही त्याच आवाजात म्हणालात, "ते काय डॉक्टरला सांगायचं असतं का?" डॉक्टर हसले. "सेठ, नींद आपकू नहीं आती क्या? नहीं ना? फिर उसकू बोलने दो." तुम्हीही हसलात, आणि म्हणालात, शरमाता है, मैं बोलता. तिथं मी होते, आप्पा. भिंतीशी बाकावर बसले होते. त्याचा चेहरा मी बघितला. दार उघडतंय असं वाटून पुढं व्हावं आणि आपल्याच माणसानं ते लोटून घ्यावं, तसा तो चेहरा होता.

तरी त्या म्हाताऱ्या माणसाला बरंच कळलं असावं. त्यानं धाकट्याचे हात बघितले, गोळ्या लिहून दिल्या. म्हणाला, लगेच फरक पडणार नाही, पण पडेल. आपल्या मनानं बंद करू नका. दर महिन्याला या, आणि पुढच्या वेळी मुलाला माझ्याशी एकट्याला बोलू द्या. तुम्ही सगळ्याला जी, जी म्हणालात. मग आपण बाजारात गेलो, कारण माल भरायला आलेला शेट रिकाम्या हातानं परतला तर गाव काय म्हणेल. टेरिकॉटचे तागे, साड्या, परकराचं कापड, माझे ड्रेस पीस, असे गठ्ठे बांधून आपण गाडीत बसलो. घाटनांदूर स्टेशनवर हमालानं विचारलं, "शेट, लई माल आणला की." तुम्ही म्हणालात, सीझन हाय. गोळ्या आईनं सोबत दिलेल्या पिशवीत, उदबत्तीच्या पुड्याखाली.

आणि गोळ्यांनी फरक पडला. हेच मला आजही गिळता येत नाही. पडला नसता तर मी गप्प बसले असते. दुसऱ्या फेरीनंतर तो झोपायला लागला. तिसऱ्या फेरीनंतर एक दिवस माळ्यावरून खाली आला आणि आईला म्हणाला, भाकरी दे, लई भूक लागली. अंगणात पोरांबरोबर कॅरम खेळला, हरला, आणि हरल्यावर सोंगटी पुन्हा मांडून बघितली नाही. घरात आम्ही सगळे मोठ्यानं बोलायला लागलो होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, या महिन्यात जाणं होत नाही, आधीचा माल पडून हाय.

मी नीट सांगते, कारण हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. डॉक्टरकडं जायचं तर खरेदीचं निमित्त लागायचं, खरेदी करायची तर दुकानात जागा लागायची, जागा व्हायची तर माल खपायला हवा होता. आणि त्याच वर्षी माल खपायचा थांबला. पोरांना लातूरच्या तयार पँटी हव्या होत्या, शिंप्याकडं पंधरा दिवस कोण थांबतो. बायका टीव्हीत बघून साड्यांची नावं सांगायच्या आणि त्या तुमच्याकडं नसायच्या. हैदराबादचे गठ्ठे माळ्यावर तसेच राहिले. चिठ्ठी होती, पण गावातल्या मेडिकलवर ती दाखवायची नाही, कारण तो मेडिकलवाला आपल्या पावण्यांतला. अंबाजोगाईच्या मेडिकलवर नाही, कारण तिथं आपली निम्मी गिऱ्हाइकं. गोळ्या फक्त हैदराबादच्या, आणि हैदराबाद माल खपल्यावर.

धाकट्याला हे गणित सगळ्यांत आधी कळलं. जो पोरगा माणसांना हात लागेल म्हणून अंग चोरून चालायचा, तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून हाक मारायला लागला. "या मावशी, या. नवा माल हाय. बघायला पैसे लागत न्हाईत." शनिवारी बाजारच्या गर्दीत त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत यायचा. गिऱ्हाइकं खूश व्हायची. एक बाई म्हणाली, "शेट, ह्याला जनावरांच्या बाजाराला पाठवा, गाढवालासुद्धा साडी नेसवंल." तुमचा चेहरा फुलला. रात्री गल्ला बंद झाला की तो तुमच्याजवळ यायचा आणि एकच विचारायचा, "आप्पा, माल खपला का?" तुम्ही म्हणायचात, खपंल रं. तो मला दुसऱ्या दिवशी विचारायचा, "अक्का, खपंल का गं?" गोळ्या संपल्या होत्या. हाताची सालं परत निघायला लागली होती. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, आणि तुम्ही त्याला खडीसाखर आणून दिलीत.

स्वयंपाकघरात मी तुमच्यासमोर उभी राहिले तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. तुम्ही पाटावर बसलेले, आई भाकरी थापतेय. मी म्हणते, आप्पा, मी रोज अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यावरून जाते, आत मनाच्या आजारांचा डॉक्टर बसतो, मी विचारून आले. तासाभराचा रस्ता आहे. माझ्याच एसटीनं त्याला नेते. तुमचा हात ताटात थांबतो. "कुणाला विचारलंस?" मी म्हणते, खिडकीवरच्या माणसाला. "नाव सांगितलंस?" नाही म्हणते. मग तुम्ही सावकाश, एकेक शब्द मोजून बोलता. दवाखान्याच्या फाटकाजवळची पानटपरी कुणाची आहे ते तुला ठाऊक आहे का? आपल्या गल्लीतल्याची. तिथं बाकावर कोण बसलेलं असतं? पावणे. तुला बघायला लातूरचे लोक येणार हायत. घरात असं हाय म्हणून कळलं तर एक तरी दारात उभा राहील का? "तुझं जमू दे. मग त्याला कुठं न्यायचं तिथं नेऊ." मी म्हणते, माझ्यासाठी त्याला असं ठेवू नका, मला नाही करायचं लग्न. आणि तुम्ही म्हणता, "शिकायला पाठवलं तुला, शिकवायला न्हाई." आई भाकरी तव्यावर टाकते आणि उलटायची विसरते.

लातूरचे लोक आले. मी हैदराबादच्या ड्रेस पीसचा ड्रेस घातला होता, दुसऱ्या फेरीत तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी घेतलेला, डाळिंबी रंगाचा. मला तो फार आवडला होता, हे खरं सांगते. धाकट्याला त्या दिवशी मावशीकडं पाठवलं होतं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या, आणि आठ दिवसांनी निरोप पाठवला की मुलगी बुटकी आहे. बुटकी! त्याचा आजार कुणाच्या कानावर गेला नाही, त्याची गोळी बंद ठेवून आपण तो लपवला, आणि शेवटी आडवी आली ती माझी उंची. तरी तुम्ही थांबलात. आणखी एक स्थळ, मग आणखी एक. प्रत्येक स्थळाआधी तो मावशीकडं. पुढं माझं माझं जमलं, शहरात, तुमच्या कुठल्याही काळजीला न विचारता. आणि तोपर्यंत धाकट्याला पायरीवर उभं राहता येत नव्हतं. तो माळ्यावरून उतरायचाच नाही. बारावीचा फॉर्म दोनदा भरला, दोन्ही वेळा पेपरला गेला नाही. तुम्ही लोकांना सांगायचात, दुकान बघायचं म्हणतोय, शिकून कुठं नोकऱ्या हायत. लोकांना पटायचं. तुमचं बोलणं सगळ्यांना पटायचं, हाच सगळा घोटाळा होता.

तुम्ही दुष्ट नव्हतात. तुम्ही त्याच्या हातांना रात्री तूप लावायचात. त्याच्यासाठी उपास धरलात. तो झोपला की जिन्याच्या तळाशी बसून राहायचात. तुमची माया मी नाकारत नाही, पण मायेनं त्याला काय मिळालं ते मला सांगा. त्याला तूप मिळालं, खडीसाखर मिळाली, आणि तासाभराच्या अंतरावर असलेला डॉक्टर मिळाला नाही. तुमच्या छातीत कळ आली तेव्हा तुम्हाला आपण कुठं नेलं? अंबाजोगाईलाच, त्याच फाटकातून, आणि टपरीवाला पानाचे हात पुसत स्ट्रेचर धरायला धावला. हृदयाला लाज नसते. ती सगळी आपण डोक्यासाठी ठेवली आहे.

तुम्ही गेलात, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी आले असताना आईनं एक दिवस डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चल गं, त्याला उठव. एसटी चुकंल." एवढंच. इतकी वर्षं ती गप्प होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही तिघं अंबाजोगाईला गेलो. तिथला डॉक्टर तरुण होता, त्यानं आम्हा दोघींना बाहेर बसवलं आणि धाकट्याला आत घेतलं. तो इतका वेळ बोलत राहिला की बाहेरची रांग चिडली, एकानं दार वाजवलं, "आत काय पोथी लावलीय का?" धाकटा बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता आणि हसत होता. म्हणाला, "अक्का, ह्या रोगाला नाव हाय. लई जणांना होतो." नाव ऐकून त्याला किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही. दहा वर्षं तो समजत होता की जगात हे फक्त त्यालाच झालं आहे. हळूहळू, गोळ्यांनी आणि त्या डॉक्टरशी बोलून बोलून, तो सावरला. पूर्ण नाही, पण पुरेसा. आता दुकान तोच चालवतो, शाळेचे गणवेश आणि तयार कपडे. लग्न केलं नाही. गणित अजून सुटतं त्याला. गल्लीतली पोरं अडलेली गणितं घेऊन येतात, तो बिलाच्या मागं सोडवून देतो. सतरा ते सत्तावीस ही वर्षं मात्र कुठल्याच गणितात परत येत नाहीत. ती तुम्ही इज्जतीपायी घालवलीत, आणि ती इज्जत कुणी मागितलेलीही नव्हती.

म्हणून त्या वडगावच्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी परत फोन केला. पुण्याचा नंबर दिला नाही. म्हटलं, तुम्ही मुलीला घेऊन अंबाजोगाईला या, मी येते, माझा भाऊही येईल, तो तिथलाच पेशंट आहे. त्यानं विचारलं, "तुमचा भाऊ? सख्खा?" मी म्हटलं, सख्खा. तो आला. टॉवेल अर्ध्या तोंडावर ओढून, मुलीला भिंतीकडं वळवून बाकावर बसला. मुलगी एवढीशी, नखं कुरतडून बोटं लाल केलेली. धाकटा तिच्या शेजारी बसला आणि काही न बोलता बसून राहिला, ते त्याला चांगलं जमतं. नंबर आला तशी मुलगी उठली आणि बापही उठला. "मी येतो की. तिला बोलता येत न्हाई, मी सांगतो डॉक्टरला." धाकट्यानं त्याचा हात धरला. आवाज चढवला नाही. "बसा मामा," म्हणाला. "तिला बोलू द्या." तो माणूस उभाच राहिला, दाराकडं बघत, आणि दार लागल्यावर बसला.

आम्ही असे बसलेले असताना घाटनांदूरचा एक जण समोर आला, आपल्या मागच्या गल्लीतला, हातात पाण्याची बाटली. धाकट्याला बघून थबकला. "शेट, तुमी हितं?" वडगावच्या माणसानं टॉवेल आणखी वर ओढला. धाकटा म्हणाला, "गोळ्या न्यायला. दर महिन्याला येतो. तू कशाला?" त्या माणसानं इकडंतिकडं बघितलं, मग बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाला, "पोराला आणलंय. बारावीला हाय. घरी कुणाला सांगितलं न्हाई." तो आमच्याच बाकावर बसला. वडगावच्या माणसानं थोडं सरकून त्याला जागा दिली. त्याच्या तोंडावरचा टॉवेल खांद्यावर कधी आला ते मला दिसलं नाही.

एवढं मला तुम्हाला सांगायचं होतं, की ओळखीचे भेटले आणि काही झालं नाही. उलट तेही त्याच कामाला आले होते. पण आप्पा, एक राहिलं. त्या माणसानं बसल्यावर माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "अन् ताई, तुमी?" धाकट्याचं उत्तर मी नुकतंच ऐकलं होतं. तरी माझ्या तोंडून गेलं, "मी बातमीच्या कामानं आले होते." कसलीही घाई नसताना, कुणी अडवलेलं नसताना. तो म्हणाला, चांगली मोठी लिहा. धाकटा माझ्याकडं बघत होता. ती बातमी मी अजून लिहिलेली नाही. तिच्याऐवजी हे लिहिलं, आणि हे कुणाला दाखवायची माझी तयारी नाही.